वाचक विचारतात: एट्रुस्कन सोनं, त्याचे रवे आणि आपली बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी

मागच्या अंकात जुन्या दागिन्यांवरच्या लेखाबरोबर इटलीतल्या एका एट्रुस्कन कर्णभूषणाचं छायाचित्र छापलं होतं. त्यावरचे बारीक रवे डागाशिवाय, म्हणजे सोन्याचे भाग जोडायचा लवकर वितळणारा धातू न वापरता, कसे बसवले, असा प्रश्न मराठवाड्यातून आलेल्या बऱ्याच पत्रांत आहे. काही निवडक प्रश्न आणि उत्तरं इथं देत आहोत.

हे एट्रुस्कन लोक कोण? त्यांच्याकडं सोन्याच्या खाणी होत्या का?
(एक वाचक, लातूर)

मध्य इटलीत आर्नो आणि टायबर या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात हे लोक राहत. रोम मोठं होण्याआधी, इसवी सनापूर्वीच्या आठव्या ते पाचव्या शतकात त्यांची भरभराट होती. सोन्याच्या खाणी नव्हत्या. होतं ते तांबं, आणि एल्बा बेटावरचं भरपूर लोखंड. धातू देऊन ते सोनं घेत. रवे बसवायची कलाही बाहेरून आली. मेसोपोटेमियातल्या ऊर इथल्या कबरींत ती त्याच्याही जवळपास दोन हजार वर्षं आधी दिसते, आणि फिनिशियन व्यापारी-कारागिरांमार्फत ती इटलीत पोचली. एट्रुस्कनांनी ती इतकी बारीक केली की आधीच्यांचं काम त्यापुढं जाडंभरडं वाटतं. व्हेतुलोनिया गावच्या दागिन्यांवरचे रवे तर मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाचे आहेत. नुसत्या डोळ्यांना तिथं पत्र्यावर भुरभुरलेली पूड दिसते, आणि भिंगाखाली धरलं की पुडीतला एकेक कण गोल निघतो.

हे दागिने रोज घालायचे होते की नुसते मढ्याबरोबर पुरायचे?
(एक शिक्षिका, अंबाजोगाई)

दोन्ही. आपल्याला मिळालेले जवळपास सगळे कबरींतून आले, म्हणून ते पुरण्यासाठीच केले होते असं वाटतं. पण पुष्कळ दागिन्यांवर वापराची झीज आहे.

सर्वांत कामाचा दागिना म्हणजे फिब्युला. त्यांचे कपडे बरेचसे न शिवलेले, अंगाभोवती गुंडाळलेले. खांद्यावर ते अडकवायला पिन लागे. आजच्या सेफ्टी पिनेचा पूर्वजच तो: एका बाजूला स्प्रिंगसारखं वेटोळं, मध्ये फुगीर कमान, दुसऱ्या बाजूला पिनेचं टोक अडकवायची खाच. कमानीचा आणि खाचेचा भाग लांबरुंद ठेवून त्यावर रव्यांची नक्षी करत.

चेर्वेतेरी इथं १८३६ मध्ये उघडलेल्या रेगोलिनी-गालास्सी कबरीतली फिब्युला मात्र वापरायची नव्हेच. ती सुमारे ३२ सेंटिमीटर लांब आहे. वरच्या चकतीवर पाच सिंह आणि खालच्या भागावर ओळीनं बसवलेली छोटी बदकं आहेत. एवढं धूड खांद्यावर घेऊन कोणी कामाला लागणार नाही. ती मिरवण्याची किंवा अंत्यसंस्काराची. त्या कबरीतल्या चांदीच्या भांड्यांवर लार्थिया हे नाव कोरलेलं आहे. सगळा ठेवा आज व्हॅटिकनच्या एट्रुस्कन संग्रहालयात आहे.

दुसरा दागिना बुल्ला. दोन वाटीसारखे पत्रे तोंडाला तोंड लावून केलेली पोकळ डबी, वर कडी. आत मंतरलेली वस्तू किंवा सुगंधी द्रव्य ठेवून ती गळ्यात घालत. आपला ताईत किंवा पेटी ज्या कामाची, त्याच कामाची ही. रोमन लोकांनी ती उचलली आणि मुलगा वयात येईपर्यंत त्याच्या गळ्यात ठेवायची रीत पाडली.

कानातले इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात छोट्या पेटीच्या आकाराचे होते, म्हणून इटालियनमध्ये त्यांना बाउलेत्तो म्हणतात. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात द्राक्षाच्या घोसासारखे मोठे कानातले आले. तोवर कारागिरी उतरली होती. पुष्कळ ठिकाणी खरे रवे न बसवता पत्राच मागून ठोकून फुगे उठवलेले दिसतात. लांबून भरघोस आणि हातात घेतलं तर हलकं. सोनं वाचवायची ही युक्ती आजही सराफ्यात चालतेच!

पानांचे मुकुट मात्र खरोखर प्रेतासाठीच असत. पत्रा इतका पातळ, की वाऱ्यानंही दुमडेल.

दातातही सोनं घालत असं ऐकलं. खरं का?
(एक दंतवैद्यकाचा विद्यार्थी, जालना)

खरं. जवळजवळ शुद्ध सोन्याची पातळ पट्टी शेजारच्या शाबूत दातांभोवती गुंडाळायची, आणि मध्ये खोटा दात बसवून सोन्याच्या खिळ्यानं पट्टीला पक्का करायचा. पट्ट्या मुख्यतः बायकांच्या पुढच्या दातांवर मिळाल्या आहेत. मऊ सोनं चावण्याचा दाब झेलत नाही, त्यामुळं हा इलाज कमी आणि मिरवणं जास्त. रोमच्या इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यात प्रेताबरोबर सोनं पुरायला मनाई होती, पण दात ज्यानं बांधलेत ते सोनं राहू द्यायला सूट होती.

मी सोनारकाम करतो. फोटोत बघून तसे रवे बसवून पाहायलोय. रवे बनायलेत, पण डाग दिला की तो रव्यांच्या मधी भरून सगळं सपाट व्हायलंय. डाग कमी घेतला तर रवे गळायलेत. त्यांनी काय वापरलं असंल?
(एक कारागीर, उदगीर)

डाग वापरलाच नाही, हेच उत्तर. डाग पातळ होऊन दोन वस्तूंच्या फटीत ओढला जातो, तो त्याचा गुणच आहे. रव्यांच्या रांगेत फटींशिवाय दुसरं काही नसतं, म्हणून तो सगळीकडं भरतो. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेल्लानी घराण्यानं हीच वाट धरली. डाग अगदी बारीक पुडीचा केला, पारंपरिक काम करणारे कारागीर दूरच्या गावांतून बोलावले, काम सुरेख केलं, तरी व्हेतुलोनियाच्या बारकाव्याला ते पोचले नाहीत.

कोडं सुटलं ते इंग्लंडमध्ये. लिटलडेल नावाच्या कारागिरानं १९३३ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पद्धत अशी: तांब्याचा क्षार डिंकात किंवा सरसात कालवून त्यानं रवा चिकटवायचा आणि तापवायचं. आधी क्षाराचं तांब्याचं ऑक्साइड होतं. मग डिंक जळून त्याचा कोळसा होतो. साधारण ८५० अंश सेल्सिअसला हा कोळसा ऑक्साइडातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि रवा जिथं टेकला आहे तिथंच शुद्ध तांब्याचा सूक्ष्म थर उरतो. सोनं १०६४ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला, पण दोघं एकमेकांत मुरली की मिश्रण ९०० च्या आसपासच पातळ होतं. म्हणजे जोड वितळतो तेव्हा रवा आणि पत्रा अजून घट्ट असतात. प्लिनी या रोमन लेखकाच्या ग्रंथातही सोनं जोडायच्या मसाल्यात तांब्याचा गंज, लहान मुलाचं मूत्र आणि नायट्रम, म्हणजे खारा सोडा, असे जिन्नस दिले आहेत. तत्त्व तेच.

आता कृती.

सोनं आधी बघा. आपल्या बाजारातलं लालसर २२ कॅरेट, ज्यात भर तांब्याची, या कामाला वाईट. ते स्वतःच लवकर वितळतं, त्यामुळं जोड पातळ होणं आणि पत्रा वितळून बसणं यांत अंतर उरत नाही. भर चांदीची घाला. तेच २२ कॅरेट मग हजार अंशांच्या वर टिकतं आणि तुम्हाला हात आवरायला वेळ मिळतो. जस्त किंवा कॅडमियम असलेलं मिश्रण अजिबात नको. दोन्ही उडून जातात, जोड सच्छिद्र होतो, आणि कॅडमियमचा धूर फुप्फुसाला घातक आहे.

रवे करायला तार सारख्या लांबीची कापा. ०.३ मिलिमीटरच्या तारेचा ०.९ मिलिमीटर तुकडा कापला की साधारण ०.५ चा रवा होतो. ०.१५ ची तार ०.४५ कापली तर ०.२५ चा. मुशीत कोळशाची बारीक पूड अर्धा सेंटिमीटर पसरा, वर तुकडे एकमेकांना न लागता भुरभुरा, पुन्हा पूड, पुन्हा तुकडे. सर्वांत वर पूडच. झाकण ठेवून सोनं पूर्ण वितळेपर्यंत तापवा आणि मुशीतच गार होऊ द्या. वितळलेला तुकडा पृष्ठताणानं आपोआप गोल होतो. दोन तुकडे टेकले असतील तर एकच मोठा रवा होतो, पूड घालायची ती याचसाठी. गार झाल्यावर साबणाच्या पाण्यात ओता. कोळसा तरंगतो, सोनं बुडतं. मग वेगवेगळ्या जाळ्यांतून चाळून आकार निवडा. एका रांगेत ०.२५ आणि ०.३ मिसळले तर कितीही नीट बसवा, रांग वाकडीच दिसते.

चिकट्यासाठी कॉपर कार्बोनेटची अगदी बारीक खललेली हिरवी पूड १ भाग, घट्ट डिंकाचं पाणी १ भाग, आणि ब्रशवरून सहज उतरेल इतकं पाणी. टाकणखार (बोरॅक्स) चिमटीच्या टोकावर राहील एवढाच. इथं हात सैल सुटतो आणि काम बिघडतं. टाकणखार जास्त झाला की तो फुगतो आणि रवे उचलून टाकतो.

पत्रा शिकताना ०.४ ते ०.५ मिलिमीटरचा घ्या. पातळ पत्रा तापला की वाकतो आणि रवे अधांतरी राहतात. पत्रा आणि रवे आम्लात उजळून घ्या, मग बोट लावू नका. बोटाचं तेल पुरतं, जोड धरत नाही. बारीक ब्रश चिकट्यात बुडवून एकेक रवा उचला आणि जागेवर ठेवा. जादा ओल कागदाच्या टोकानं टिपून घ्या. प्रत्येक रवा पत्र्याला आणि शक्यतो शेजारच्या रव्यालाही टेकलेला हवा.

मग वाळू द्या, रात्रभर. घाई करून ओलं तापवलं तर वाफ होते आणि रवे उडतात.

तापवताना काम कोळशाच्या ठोकळ्यावर ठेवा. ज्योत मऊ, पिवळसर, गॅस जास्त आणि हवा कमी अशी. निळी टोकदार ज्योत ऑक्सिजन देते, तांबं काळंच राहतं आणि जोड होत नाही. उष्णता खालून आणि कडेनं द्या, रव्यांवर ज्योत धरू नका. रवा पत्र्यापेक्षा फार लवकर तापतो, तो आधी वितळून बसतो. खोलीत उजेड कमी ठेवा, नाहीतर रंग कळत नाही. आधी डिंक काळा पडेल, मग पत्रा लाल, पुढं नारिंगी. मग एका क्षणी सगळ्या पृष्ठभागावरून ओलसर चकाकी सरकते. तीच खूण. त्याच क्षणी ज्योत काढा. आणखी दोन सेकंद थांबलात तर रवे पत्र्यात बुडायला लागतात.

गार झाल्यावर सौम्य आम्लात टाका आणि सुईच्या टोकानं रवे चाचपा. काही सुटले तर तेवढ्याच जागी नव्यानं चिकटवून पुन्हा तापवा. रव्यांच्या पायथ्याशी लालसर कडं दिसत असेल तर तांबं जास्त झालं, चिकटा पातळ करा. एका बाजूचे रवे धरले आणि दुसऱ्या बाजूचे नाहीत, तर दोष चिकट्याचा नसून उष्णता सारखी न पोचल्याचा असतो.

या सगळ्यात गुपित असं काही नाही. सोनं कुठलं, स्वच्छता किती आणि ज्योत कधी काढायची, एवढंच आहे.

सोन्याचा भाव बघता शिकायला सोनं कुठून आणावं? चांदीवर जमेल का?
(एक विद्यार्थिनी, नांदेड)

जमेल, आणि चांदीवरच शिकावं. चांदी ९६२ अंशांना वितळते, चांदी-तांब्याचं मिश्रण ७७९ लाच. म्हणजे हात आवरायला सोन्यापेक्षाही जास्त अंतर मिळतं. फक्त शुद्ध चांदी घ्या. तांबं मिसळलेली चांदी तापवली की आतून काळे डाग येतात. चिकटा आणि कृती तीच. पहिले रवे १ मिलिमीटरच्या आसपासचे करा, नंतर लहान करत जा. सोन्याकडं गेलात तरी खर्चाचा बाऊ नको. ०.२५ मिलिमीटरचे २२ कॅरेटचे रवे एका ग्रॅममध्ये सुमारे ६,९०० बसतात. ०.५ चे घेतले तर साडेआठशेच्या आसपास. महाग असतो तो वेळ.

आमच्या तेरचा रोमशी व्यापार होता. मग एट्रुस्कन दागिने तेरला आले असतील का?
(एक वाचक, धाराशिव)

नाही. काळच जुळत नाही. तेर म्हणजे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलं आहे, आणि तिथला माल भडोचच्या बंदराला जाई. तोवर एट्रुस्कन रोमन होऊन गेले होते. त्यांचं व्हेइ हे शहर रोमनं इसवी सनापूर्वी ३९६ मध्येच घेतलं होतं आणि इसवी सनापूर्वी ९० च्या सुमारास त्यांना रोमचं नागरिकत्व मिळालं. तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जे बघायला मिळतं ते सातवाहन काळाचं आहे. हस्तिदंती बाहुली बघाच. तिच्यासारखीच दुसरी इटलीत पॉम्पेईला सापडली आहे. माल इकडून तिकडं जात होता, आणि त्याच्या बदल्यात सोनं-नाणं इकडं येत होतं. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी प्लिनीची तक्रारच आहे.

रवेकाम मात्र भारतात होतं. तक्षशिलेच्या सिरकपमधून पहिल्या शतकाच्या आसपासचे रवे बसवलेले सोन्याचे दागिने मिळाले आहेत.

इंटरनेटवर ‘अस्सल एट्रुस्कन अंगठी’ विकायला आहे. खरी ओळखायची कशी?
(एक वाचक, परभणी)

घेऊ नका. इटलीत १९०९ पासून जमिनीतून निघालेली पुराणवस्तू सरकारची धरली जाते. जुन्या संग्रहातून आल्याची पक्की कागदपत्रं नसतील तर वस्तू चोरीची तरी असते, नाहीतर नकली तरी.

तरी जिज्ञासा म्हणून खूण सांगतो. दहा पट मोठं करणाऱ्या भिंगातून तार बघा. जंत्रीतून, म्हणजे तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून, ओढलेल्या तारेवर लांबीच्या दिशेनं सरळ, समांतर रेघा पडतात. एट्रुस्कनांकडं जंत्री नव्हती. पत्र्याची अरुंद पट्टी कापून, पिळून, दोन सपाट फळ्यांमध्ये लाटून ते तार करत, म्हणून जुन्या तारेवर मळसूत्रासारखी फिरत जाणारी बारीक सांध असते. समांतर रेघा दिसल्या तर वस्तू नंतरची. रव्यांच्या मुळाशी डाग साचून कोपरे गोल झाले असतील तर तेही नव्या कामाचं लक्षण. मात्र उलट खात्री देता येत नाही. पिळून तार करणारे नकलाकारही आहेत.

आणि शेतात नांगरताना काही सोनंनाणं लागलं तर तेही गुपचूप मोडायचं नसतं. १८७८ च्या भूमिगत निधीच्या कायद्याप्रमाणं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

सासूबाईंचे रव्यांचे झुबे आणि ठुशी काळपट झालीय. घरी धुवावी का? आणि मोडीला सोनार ‘घट’ म्हणून एवढं का कापतात?
(एक गृहिणी, बीड)

झुबे धुवा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं बुडवा आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशनं रव्यांच्या मधून हलक्या हातानं फिरवा. रव्यांमध्ये हळद, तेल, पावडर बसते, काळपटपणा बहुतेक त्याचाच. बेसिनमध्ये धुऊ नका, वाटीत धुवा आणि पाणी फेकण्याआधी तळ बघा. सुटलेला रवा तिथं मिळेल. टूथपेस्ट नको, त्यानं रव्यांचे माथे घासून चपटे होतात. दुकानातल्या कंप घेणाऱ्या मशीनमध्ये जुने, डागानं बसवलेले रवे घालू देऊ नका, सैल झालेले निसटतात. तेजाबात उजळून देतो म्हणाले तर आधी वजन करा, नंतरही करा. सोन्याचा थर जातो तो तिथंच.

ठुशीला गरम पाणी लावू नका. तिचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. ती मऊ पडली की मणी चेपतात. ओल्या फडक्यानं पुसा आणि दोरा कुजला असेल तर पटवेकऱ्याकडून नवा घालून घ्या.

घटीचं म्हणाल तर कापायला कारण असतं, पण किती कापायचं त्याला कारण विचारा. लाखेचं वजन सोनं नव्हे. मळाचंही नव्हे. आणि डाग मूळ सोन्यापेक्षा कमी कॅरेटचा असतो, त्यामुळं बारीक रव्यांचा दागिना वितळवला की २२ चं सोनं २२ उतरत नाही. कॅरेट मीटर फक्त वरचा थर वाचतो, म्हणून एकाच जागी नव्हे, तर मागची बाजू, कडी आणि रव्यांची जागा अशा तीन-चार ठिकाणी धरायला सांगा आणि प्रत्येक आकडा लिहून घ्या. लाखेचं वजन वेगळं आणि डागाचं वेगळं दाखवा म्हणा. सगळं मिळून एकच टक्का सांगत असतील तर दुसऱ्या दुकानात विचारल्याशिवाय मोडू नका.